हातभर केस

रोशनी बावणेच्या डोक्यावरचे केस तिचे नव्हते. ते कोर्टाचे होते. तसा रीतसर आदेशच होता, शिक्क्यानिशी: नमुना घेतला जाईपर्यंत वादीने केस कापू नयेत, रंगवू नयेत, त्यांना तेल किंवा मेंदी लावू नये आणि विंचरताना गळालेले केस तारीखवार पाकिटांत घालून जपून ठेवावेत. या आदेशाला नऊ महिने झाले होते. पाकिटांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली होती. डोक्याची नुसती कडब्याची पेंढी झाली होती.

"त्या मालकानं सव्वीस महिने मले डांबलं," रोशनी म्हणायची, "अन् कोर्टानं माहे केस डांबले. सुटली कोन मंग?"

गावात कुणी भेटलं की हटकून विचारायचं, "काय वो, केस कुठवर आली?" रोशनी वैतागून कमरेकडे बोट दाखवायची आणि पुढे चालू लागायची.

आदेश मागितला होता तिच्याच वकीलबाईंनी, दीपा खोब्रागडे यांनी. पुरावा टिकावा म्हणून फक्त 'कापू नयेत' एवढंच त्यांनी मागितलं होतं. मग प्रतिवादीचे वकील उठले आणि म्हणाले, तेलाने नमुना बिघडतो. पुढच्या तारखेला म्हणाले, मेंदीनेही बिघडतो. त्याच्या पुढच्या तारखेला त्यांना गळालेल्या केसांची आठवण झाली. न्यायाधीशांनी प्रत्येक वेळी मान डोलावली. मनाई मागायला गेली रोशनी आणि मनाई बसली रोशनीवरच. ज्याच्याविरुद्ध मुख्य दावा होता तो कोळंबीच्या शेडचा मालक मात्र आपल्या डोक्याला हवं ते चोपडून राजरोस हिंडत होता.

हकिकत अशी होती. रोशनी अकरा वर्षांची असताना आई गेली आणि वनिता मावशीने तिला आपल्या घरी आणलं. मावशीला एकच मुलगी, पूजा. दोघी एका ताटात जेवून मोठ्या झाल्या. रोशनी बारावी पास झाली, नर्सिंगला जायचं म्हणून अर्ज भरला. त्याच सुमारास गावात पिंटू नावाचा एजंट येऊ लागला. समुद्राकाठी मोठी कंपनी आहे, मुलींना राहणं-खाणं सगळं मिळतं, असं तो सांगायचा. रोशनीने त्याला तोंडावर नाही म्हटलं होतं. हे तिला पक्कं आठवत होतं. मग तिला ताप आला. मावशीने काढे पाजले, उशाशी बसून राहिली. पुढचं सगळं धुकट. गाडीचा आवाज, कुणाचा तरी खांदा, आणि मग एकदम मासळीचा वास, बर्फाचे ढीग आणि बाहेरून कुलूप लागणारं दार. तिथे सव्वीस महिने तिने कोळंबी सोलली. बोटांची कातडी सोलवटून पांढरी पडली. एक दिवस धाड पडली आणि बाकीच्या चौदाजणींबरोबर ती सुटली.

फौजदारी खटला वर्षभरात संपला. एजंट आणि मालक, दोघेही निर्दोष सुटले. कारण एक कागद. 'मी, रोशनी गजानन बावणे, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय हा करार करीत आहे.' खाली तिचा अंगठा. बारावी शिकलेली मुलगी सही सोडून अंगठा का लावेल, असं सरकारी वकिलांनी विचारलं. त्यावर समोरचे वकील हसून म्हणाले, "साहेब, साल दोन हजार चव्वेचाळीस आहे. रेशनपासून बँकेपर्यंत हल्ली सगळेच यंत्रावर अंगठा लावतात." झालं. संशयाचा फायदा म्हणतात तो असा देतात.

राजीखुशीने हा शब्द मग गावभर झाला. गिरणीवर दळण टाकायला गेलं तरी तो बायांच्या तोंडून कानावर यायचा. आणि खरं सांगायचं तर रोशनीला त्या बायांचा राग येत नसे, स्वतःचाच येई. तापाच्या भरात आपण हो म्हणून बसलो नसू ना? हे तिने कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण चार वर्षं तो प्रश्न तिच्या डोक्यात ठाण मांडून होता.

"फौजदारीत तू पीडिता होतीस," खोब्रागडे मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "खटला सरकारचा. तू नुसती साक्षीदार. तिथे संशयाला जागाच उरता कामा नये. दिवाणीचं तसं नसतं. आपलं म्हणणं त्यांच्यापेक्षा जास्त संभवनीय आहे, एवढं दाखवलं तरी पुरे. आणि दावा तुझा असतो. काय मागायचं, कोणाविरुद्ध मागायचं, ते तू ठरवायचं."

रोशनीने तीन गोष्टी मागितल्या. भरपाई, मालकाने तिचं नाव किंवा तो कागद पुन्हा कुठे वापरू नये अशी कायमची मनाई, आणि तो करार पहिल्यापासूनच रद्दबातल असल्याचा कोर्टाचा ठराव. पहिल्या दोन नाही मिळाल्या तरी चालेल, तिसरी हवीच, असं तिने बजावलं होतं. तो शब्द तिला कागदावरून पुसायचा होता.

दावा दाखल झाला आणि तारखा सुरू झाल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा समोरचे वकील आजारी, एकदा कोर्टाचं सर्व्हर बंद. एकदा सगळे हजर, तर फाईलच दुसऱ्या मजल्यावर. चौदा तारखा झाल्या आणि चौदाही वेळा वनिता मावशी सोबत आली. पोळी-भाजीचा डबा घेऊन यायची, कारकुनाशी भांडायची, "पोरीचे हाल करून राहिले बाप्पा तुमी," म्हणून बेलिफालासुद्धा सुनवायची. घरी रोशनीचे कोरडे केस हातात धरून हळहळायची. "थोडंसं तेल लावू का वो? कोनाले कयते?"

"त्या मशीनले कयते, मावशे," रोशनी म्हणायची.

शेवटी पंधराव्या तारखेला नमुना घेतला गेला. कोर्ट कमिशनर, दोन पंच, कॅमेरा आणि प्रयोगशाळेचे डॉक्टर सुमेध इंगोले. डोक्याच्या मागच्या भागातून चाळीस केस, अगदी मुळापासून. एवढ्याचसाठी नऊ महिने डोकं खाजवत काढले, या विचाराने रोशनीला हसावं की रडावं ते कळेना.

इंगोले बोलके होते. त्यांनी काचेवर एक केस ताणून धरला आणि तिलाच दाखवला.

"हा हातभर केस म्हणजे तुमची चार वर्षांची डायरी. केस मुळापाशी तयार होतो तेव्हा त्या दिवशी रक्तात जे असेल ते आत घेतो आणि मग बंद होतो. नंतर त्यात फेरफार नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे टोकाला आहे ते सर्वांत जुनं."

"अन् लिहिलं काय अस्ते त्याच्यात?"

"पाणी. पावसाच्या पाण्यात थोडा जड ऑक्सिजन असतो. ढग समुद्रावरून आत येतात तसतसा तो आधीच्या पावसात गळून जातो. म्हणून किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी आणि तुमच्या गावच्या बोअरचं पाणी यांचं माप वेगळं येतं. तुम्ही कुठलं पाणी पीत होता ते केस सांगतो. मासळी जास्त खाल्ली तर जड नायट्रोजन वाढतो, तेही दिसतं. आणि औषधं. पोटात गेलेलं औषध ओघानं केसात उतरतं. पूर्वी या तपासणीला केसांचा झुपका लागायचा आणि फार तर कुठला महिना ते कळायचं. आता लेझर एकेका केसावरून टोकापर्यंत चालत जातो आणि एकेक दिवस वेगळा वाचतो. सगळे केस सारखे वाढत नाहीत, म्हणून चाळीस वाचून ताळा घ्यायचा."

"म्हंजे मले आठवत नाई ते त्याले आठवते."

"त्याला आठवत काही नाही," इंगोले म्हणाले. "त्याला नुसतं वाचता येतं."

अहवाल आला तो आधी वकिलांकडे. खोब्रागडे मॅडमनी रोशनीला एकटीलाच बोलावलं. मावशी बाहेर बाकावर डबा घेऊन बसली.

"अहवाल फार चांगला आहे," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा चांगलं काही सांगणाऱ्याचा नव्हता. "सव्वीस महिने एकाच विहिरीचं पाणी. एक दिवससुद्धा खंड नाही. दिवाळीला नाही, कशाला नाही. मोकळी मुलगी दोन वर्षांत एकदा तरी कुठे जाऊन येतेच ना? डांबून ठेवलं होतं हे सिद्ध झाल्यात जमा आहे. भरपाई मिळेल."

"अन् तो कागद?"

मॅडमनी पान उलटलं. "शेडच्या पाण्याच्या आधी सहा दिवसांचा एक पट्टा आहे. झोपेचं औषध. रोज. चांगला जड डोस. माणूस उठून बसेल, चालेलसुद्धा, पण आपण काय करतोय याचं भान राहणार नाही. करारावरची तारीख याच दिवसांतली आहे. म्हणजे तुझा अंगठा शुद्धीत लावलेला नाही. करार सरळ उडतो."

रोशनीच्या छातीवरचं ओझं चार वर्षांनी पहिल्यांदा हललं. आपण हो म्हटलं नव्हतं! ती हसणार, तोच तिचं लक्ष मॅडमच्या बोटाकडे गेलं. बोट आलेखातल्या निळ्या रेघेवर होतं.

"ही पाण्याची रेघ आहे, रोशनी. त्या सहा दिवसांतलं पाणी किनाऱ्यावरचं नाही. तुमच्या गावचं आहे."

पंखा फिरत होता. बाहेर मावशी कुणाला तरी मोठ्याने सांगत होती की इथले पंखे नुसते आवाजाचे.

"ताप होता मले," रोशनी म्हणाली. "मावशीनं काढे देल्ले होते."

"तापाच्या औषधाचा एक कणही सापडला नाही."

रोशनीने अहवाल मिटून बाजूला सारला आणि विचारलं, "आता काय करायचं?"

"दोन रस्ते आहेत. नमुना आपल्या अर्जावरून घेतला, म्हणून मुद्दे मांडायचे आपण. फक्त पाण्याचा भाग मांडला तर भरपाई मिळेल, पण कराराचा ठराव बहुधा मिळणार नाही. औषधाचा भाग मांडला तर ठराव मिळेल, पण औषध कोणी दिलं हे पहिल्याच मिनिटाला विचारलं जाईल. तेव्हा मावशीला प्रतिवादी करावंच लागेल."

"तुमी काय केलं असतं?"

"मला विचारू नकोस," मॅडम चिडून म्हणाल्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "फौजदारी असती तर सरकारने ठरवलं असतं आणि तू सरकारला शिव्या घातल्या असत्यास. इथे तशी सोय नाही."

परतताना मावशीने एसटीत दोनदा, मॅडम काय म्हणाल्या म्हणून विचारलं, एकदा खिडकी लावून घेतली, एकदा संत्रं सोलून दिलं. संत्रं रोशनीच्या हातातच राहिलं. घरी आल्यावर मावशीने चहा टाकला आणि रोशनी ओट्याशी उभी राहिली.

"मावशे, मले गोयी देल्ली होती तू?"

मावशीचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. "कोनती गोयी?"

"कंपनीत जायच्या आधी."

"हा," मावशी म्हणाली आणि साखर घालू लागली. दोन चमचे, तीन, चार. "थे होय. थे त पिंटूनं देल्ली होती. तुले गाडी लागते ना लहानपनापासून. वकाऱ्या होऊ नये म्हून."

"गाडी कवा लागली मले?" रोशनीचा आवाज चढला. "सहा दिवस! सहा दिवस मी याच घरात होतो, मावशे. त्या कोपऱ्यातल्या खाटेवर. खाटेवर गाडी लागते काय कोनाले?"

चहा उतू गेला. मावशीने गॅस बंद केला नाही, तो रोशनीने केला.

"तू नाई म्हनत होती," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली. "पिंटू म्हने दोन वर्सांत वापस येते, शिकल्यासवरल्यापेक्षा बरं कमावते. पूजाचं जमून राह्यलं होतं. त्यानंच जमवलं होतं. पोराकडचे म्हनत, घरात दुसरी पोरगी कोनाची? तिचं पुढं कोन करन? मी काय करू? मले वाटलं, एकडाव गेली का रमशीन."

"अन् वापस आल्यावर? दोन वर्सं झाले. चवदा तारखा आली तू माह्यासंगं. डबे घेऊन!"

"येऊ नाई त काय करू?" मावशी एकदम ओरडली. "घरी बसू? माह्याच्यानं बसवत नव्हतं!"

आता हिला काय म्हणायचं? रोशनीला मावशीचा गळा धरावासा वाटला आणि त्याच क्षणी तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्याचा तिला पहिल्यापेक्षा जास्त संताप आला. पिंटूचा राग सोपा होता. मालकाचा तर त्याहून सोपा. ही बाई मात्र ज्या हाताने गोळी द्यायची त्याच हाताने कपाळावर ओली पट्टी ठेवायची, आणि ती पट्टीही खोटी नव्हती. निदान दुष्ट तरी नीट व्हायचं होतंस, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

पूजाचा फोन आला. आईवर केस करशील तर माझ्या सासरी काय तोंड दाखवू, म्हणाली. गिरणीवाल्या बाया, ज्या काल राजीखुशीने म्हणत होत्या, त्या आज म्हणू लागल्या की जिने वाढवलं तिला कोर्टात ओढते ही पोरगी. म्हणजे कसंही वागा, बोलणारं तोंड तेच. रोशनीने आठ दिवस विचार केला. पाण्याचा भाग तेवढा मांडला तर घर टिकत होतं. पण मग तो अंगठा तिचाच राहत होता, कायमचा.

नवव्या दिवशी तिने मॅडमना फोन केला. "मावशीकडून मले भरपाई नाई पायजे. तिनं फक्त कोर्टात उभं राहून सांगावं. असं होते काय?"

"होतं," मॅडम म्हणाल्या. "प्रतिवादी करायचं, पण तिच्याविरुद्ध मागायचं काही नाही. मात्र पोलिसांनी उद्या हेच कागद उचलले तर ते माझ्या हातात नाही, आणि तुझ्याही नाही. हे समजून सांग."

"समजलं," रोशनी म्हणाली. "तरी करा."

मालक आणि एजंट यांच्यापाठोपाठ वनिता मावशी प्रतिवादी क्रमांक तीन झाली. समन्स आधी मोबाईलवर गेलं. मावशीने मोबाईल बंद करून धान्याच्या कोठीत ठेवला. पुढचे दोन आठवडे एकाच छपराखाली दोघी दोन वेगळ्या कुकरमध्ये भात लावत होत्या. मग कोर्टाने बेलिफ पाठवला. निमकर नावाचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. बेलिफाला प्रतिवादीचं घर दाखवायला वादीने सोबत जायचं, हा नियम इतकी यंत्रं आली तरी बदललेला नव्हता. निमकर एसटीतून उतरले, रोशनी त्यांना घेऊन आली आणि स्वतःच्याच दारात उभी राहिली.

"वादीचा पत्ता हाच," निमकरांनी चष्मा वर करून कागद पुन्हा पाहिला. "प्रतिवादीचाही हाच?"

"हाच."

"तीस वर्षं समन्स वाटतोय, बाई, पण असं नाही पाहिलं." त्यांनी दार वाजवलं. आतून कडी होती. पुन्हा वाजवलं. मावशी आत असल्याचं सांगायला कुकरची शिट्टी पुरेशी होती. निमकर कंटाळले. "हे बघा, प्रतिवादी हजर नसेल तर घरातल्या कोणा सज्ञान माणसाने घेतलं तरी बजावणी होते. तुम्ही घरातल्याच ना? की तुम्ही वादी, म्हणून नाही चालत? थांबा, हे विचारावं लागेल कोर्टाला. म्हणजे पुढची तारीख..."

"नाई!" रोशनी ओरडली. तारीख या शब्दाने तिचं डोकंच फिरलं. "पुढची तारीख नोको. अन् तिच्यासाठी मी घेनार पन नाई. तिच्या नावाचं हाय, तिनंच घ्यावं. मावशे! दार उघड. नाई उघडलं त मी इथंच बसतो, अन् हे काका पन बसतीन."

निमकरांना बसायची इच्छा दिसत नव्हती. थोड्या वेळाने कडी निघाली. मावशी पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. पंधरा दिवसांत बाई वाळली होती. तिने रोशनीकडे पाहिलं नाही, निमकरांपुढे अंगठा केला. "कुठं लावू? लावतो अन् मोकळी होतो."

निमकरांनी यंत्र पुढे केलं. रोशनीने मध्ये हात घातला.

"आधी वाचून दाखवा तिले."

"अहो, नियमात तसं..."

"मंग मी दाखवतो." तिने कागद ओढून घेतले आणि पायरीवर बसली. "बस, मावशे. कशावर अंगठा लावून राह्यली ते आईक."

मावशी बसली. रोशनी वाचू लागली. भाषा वकिली, वाक्यं लांबलचक. 'सदर प्रतिवादी', 'सदर वादी', 'वर नमूद केल्याप्रमाणे'. शेजारची बाई धुणं वाळत घालता घालता थांबली. रोशनीने आवाज कमी केला नाही. ती परिच्छेद अकरापाशी आली.

"'प्रतिवादी क्रमांक तीन हिने वादीस सलग सहा दिवस, तिच्या नकळत, काढ्यातून गुंगीचे औषध...'"

"सहा नाई," मावशी म्हणाली.

रोशनी थांबली. निमकरांनी चष्मा काढला.

"सात," मावशी म्हणाली. तिने आता रोशनीकडे पाहिलं, सरळ. "पयल्या दिवशी अर्धीच देल्ली होती. तू अर्ध्या झोपेत म्हने, मावशे, काढा कडू लागून राह्यला, गूळ टाक. मी गूळ टाकला."

निमकरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, बजावणीच्या अहवालात असलं काही लिहायला रकाना नसतो.

"नसू दे," रोशनी म्हणाली. तिने खिशातून पेन काढून सहाचे सात केले, शेजारी स्वतःची पूर्ण सही केली आणि कागद मावशीच्या मांडीवर ठेवला. "सोळा तारखेले कोर्टात हेच सांगजो. गुळासकट."

मावशीने मान हलवली. मग तिने अंगठा मुठीत घेतला, पेन मागितलं आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरांत, एकेक काना-मात्रा जपत, आपलं नाव लिहिलं.